छत्रीतले अर्ज

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःचाच रजेचा अर्ज नामंजूर करत होते.

परंड्याच्या शाळेत माझी नुकतीच नेमणूक झाली होती. आमच्या वाशी गावाहून एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन मी आलो होतो आणि खोली शोधत हिंडत होतो. कुणीतरी म्हणालं, पेशकारांच्या घरातली बाहेरची खोली रिकामी आहे, पण... आणि त्या 'पण'च्या पुढं तो गृहस्थ काही बोलला नाही. मी जाऊन दारात उभा राहिलो. ओसरीवर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ बसकं डेस्क पुढं घेऊन काही लिहीत होते. अंगात शेरवानी, खाली धोतर, डोळे तापानं लाल झालेले. लिहून झाल्यावर ते उठले, डेस्काला वळसा घालून पलीकडं जाऊन बसले, चष्मा लावला, तोच कागद नीट वाचला आणि त्यावर शेरा मारला.

"नामंजूर," ते माझ्याकडं बघून म्हणाले. "अंगात कणकण आहे म्हणतो. पण काम फार तुंबलंय."

"कुणाची रजा?"

"माझी," ते म्हणाले. "बसा. तुमचं काय काम आहे?"

मला वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. पण दुसरी खोली मिळेना, म्हणून मी तिथंच राहिलो, आणि बदली होईपर्यंत तिथंच राहिलो.

नोकरी सुटून त्यांना दहा वर्षं होत आली होती. निजामाच्या अमलात ते तहसील कचेरीत पेशकार होते. तहसीलदारांपुढं कागद ठेवायचे आणि त्यांनी तोंडानं दिलेले हुकूम उर्दूत लिहून काढायचे, हे त्यांचं काम. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीची भाषा बदलली आणि त्यांना वेळेआधीच घरी बसवण्यात आलं. पण घरी बसायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. रोज साडेदहाला ते मधल्या घरातून ओसरीवर यायचे आणि हजेरीपत्रकावर सही करायचे. पाचला दप्तर बांधायचे. उशीर झाला तर स्वतःच्या नावापुढं लाल खूण करायचे. एकदा महिन्यात तीन लाल खुणा झाल्या, तेव्हा त्यांनी स्वतःची एक किरकोळ रजा कापली आणि वर मलाच म्हणाले, "नियम म्हणजे नियम, मास्तर." मला हसू आवरेना. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं, पण दार लावल्यावर ते हसू काही टिकलं नाही. रविवारी कचेरीला सुट्टी. त्या दिवशी ते ओसरीवर पाऊल टाकत नसत. मागल्या दारी पाटावर बसून विहिरीकडं बघत राहायचे, आणि सोमवारची वाट पाहायचे.

घरात दुसरं कुणी नव्हतं. पत्नी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. स्वयंपाक हातानं करायचे, पण तो कधी करायचे आणि कधी जेवायचे, हे मला कधी दिसलं नाही.

आता त्यांचं ते काम. जमिनीचे, वतनाचे, घरांचे जुने कागद सगळे उर्दूत होते आणि नव्या कारकुनांना ते वाचता येत नव्हते. खेड्यापाड्यातली माणसं ते कागद फडक्यात बांधून पेशकारांकडं यायची. ते वाचून दाखवायचे, वर मराठीत अर्ज लिहून द्यायचे आणि कुणाकडून पै घ्यायचे नाहीत. अर्ज मात्र त्यांच्या पद्धतीचा असायचा. "अर्जदाराची म्हैस गेल्या पंधरवड्यात व्याली असून घरी सर्व क्षेम आहे. अर्जदाराच्या आईस डोळ्यांनी दिसत नाही, तथापि ती माणूस पावलावरून ओळखते. सबब विनंती की..." आणि मग विनंती दोन ओळींत आटोपायची. मी एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, म्हशीचा आणि बांधाच्या भांडणाचा काय संबंध?"

"संबंध नाही," ते म्हणाले. "पण अर्ज वाचणाऱ्याला कळायला नको, माणूस कोण आहे? नुसता सर्व्हे नंबर वाचून माणूस कळतो का?"

आणि त्यांची छत्री. काळी, लाकडी दांड्याची. पाऊस असो नसो, ती बरोबर असायची, आणि मी ती उघडलेली एकदाही पाहिली नाही. ती त्यांची पिशवी होती. मिटलेल्या छत्रीच्या पोटात ते कागद ठेवायचे. बाजारात चहाच्या दुकानाबाहेर एक खुंटी होती, तिथं ती उलटी टांगून ते आत जाऊन बसायचे. ज्याला काही सांगायचं असेल तो येता-जाता आपला कागद त्या छत्रीत टाकायचा. ज्याला लिहिता येत नसे तो कुणाकडून दोन ओळी लिहवून आणायचा. कुंभारवाडा, मोमीनपुरा, किल्ल्याच्या खंदकाकडची वस्ती, सगळ्यांना ती खुंटी आणि ती छत्री ठाऊक होती. "पेशकारसाबच्या छत्रीत टाकलं," असं लोक पोस्टात टाकल्यासारखं म्हणायचे. घरी आल्यावर ते छत्री डेस्कावर झटकायचे आणि कागद बाहेर पडले की त्यांचा चेहरा उजळायचा. एखाद्या दिवशी काहीच पडलं नाही, तर ते छत्रीत हात घालून पुन्हा चाचपून बघायचे.

हे सगळं गावात. आमच्या गल्लीत मात्र त्यांना पेशकार कुणी म्हणत नसे. गल्लीत त्यांचं नाव होतं 'उमेदवार', आणि ते कौतुकानं पडलेलं नव्हतं. नगरपालिकेच्या आधीच्या निवडणुकीला ते आमच्या वॉर्डातून उभे राहून आपटले होते, आणि मी राहायला गेलो त्याच वर्षी पुन्हा उभं राहायची त्यांची तयारी चालली होती. कशासाठी उभे राहता, असं विचारलं की ते प्रत्येकाला वेगळं कारण सांगायचे. एकाला म्हणाले, गटारांसाठी. दुसऱ्याला म्हणाले, शाळेच्या छपरासाठी. मला पहिल्या महिन्यात सांगितलं, "वेळ जात नाही हो," आणि दुसऱ्या महिन्यात सांगितलं, "लोकांची सेवा." मी मनात म्हटलं, म्हातारा बनेल दिसतो.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला प्रचाराला बरोबर नेलं. प्रचार म्हणजे काय, ते कुणाच्या घरी जायचे, बसायचे आणि विचारायचे, "सगळे बरे आहेत ना?" मग त्या घरातल्या एकेका माणसाची नावानं चौकशी. कुणाचा पाय, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सुनेचं माहेर. मताचा उल्लेखही नाही. मोमीनपुऱ्यात एका म्हातारीनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाली, "कित्ते दुबले हो गये बाबा, कुछ खाते नै क्या?" कुंभारवाड्यात आम्हाला भाकरी आणि ठेचा खावा लागला. तिसऱ्या घरी चहा, चौथ्या घरी पुन्हा चहा. मी वैतागून म्हटलं, "साहेब, तुम्ही उभे आहात हे तरी सांगा त्यांना."

"त्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "उमेदवार माणूस दाराशी आला तर त्याला परत कसं पाठवायचं? बसा म्हणावंच लागतं."

शेवटी आम्ही आमच्या गल्लीत आलो. अकरा घरं, सगळी भिक्षुकी, मास्तरकी आणि कारकुनी करणाऱ्यांची, सगळी पेशकारांच्या जातीगोतातली, दोन घरं तर नात्यातली. पहिल्या दारात घरधनी उंबऱ्यावर आले, आत वळून पाहिलं आणि म्हणाले, "बरं, बरं. बघू." दुसऱ्या दारात तसंच. कुणी अपशब्द बोललं नाही, कुणी दार लावलं नाही, पण अकराही घरांत 'या' असं कुणी म्हटलं नाही. कोपऱ्यावरच्या काकूंच्या दारात तर ते पायरीपासून चार हात दूरच उभे राहिले. काकू अंगणात वाळवण राखत बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि त्या उठून आत गेल्या. पेशकार थोडा वेळ त्या रिकाम्या अंगणाकडं बघत उभे राहिले, मग मला म्हणाले, "चला. झाला वॉर्ड."

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम मागल्या दारी गेलो. ते पाटावर बसले होते. मी सरळ विचारलं, "गल्लीचा तुमच्यावर राग कशाचा?"

त्यांनी आधी मागं वळून ओसरीकडं पाहिलं. मग सुट्टीच्या दिवशी कचेरीचं बोलायची चोरी असल्यासारखं हळू आवाजात म्हणाले, "निजामाविरुद्ध लढा पेटला त्या वर्षी पटवाऱ्यांनी राजीनामे दिले. वकिलांनी कोर्ट सोडलं. या गल्लीतले चौघे नोकऱ्या सोडून गेले. मी नाही सोडली. लोकांना मी सांगतो की कचेरीत कुणीतरी आपलं माणूस असावं म्हणून राहिलो. खरं सांगू का मास्तर, मला दुसरं काहीच येत नव्हतं. भीती वाटली."

"भीती सगळ्यांनाच वाटली असेल."

"त्यांना वाटली आणि ते गेले. काकूंच्या यजमानांनी गावच्या चावडीचं दप्तर जाळलं आणि तुरुंगात गेले. परत आले ते छातीचा आजार घेऊन, आणि दोन वर्षांत गेले. त्यांना धरायचं वॉरंट निघालं, ते तहसीलदारांनी सांगितलं आणि मी लिहिलं. अक्षर माझं. शिपायानं ते त्यांच्याच अंगणात वाचून दाखवलं."

मी विहिरीच्या कठड्याला टेकलो. तेच पुढं म्हणाले, "आमच्या घरी चैत्रात हळदीकुंकू असायचं. पोलीस ॲक्शननंतरच्या चैत्रात हिनं नेहमीसारखी गौर मांडली, पन्हं केलं, आंब्याची डाळ केली, पातेलंभर हरभरे भिजवले. सकाळी स्वतः अकरा घरी आमंत्रण करून आली. तिन्हीसांजेपर्यंत दारात बसली. एक बाई आली नाही. पुढं चार दिवस आम्ही दोघं तीच उसळ खात होतो. ती मला एका शब्दानं बोलली नाही, मास्तर. बोलली असती तर बरं झालं असतं." ते थांबले. "पुढं ती गेली तेव्हा खांद्याला मोमीनपुऱ्यातली आणि कुंभारवाड्यातली माणसं होती. मला बाकी गावाची काही तक्रार नाही. मला या गल्लीनं एकदा बसा म्हणावं. उमेदवार झालो तर म्हणतील, असं वाटलं होतं."

म्हणजे गटारं नव्हे, छप्पर नव्हे. मला फार वाईट वाटलं आणि त्यांना बनेल म्हटल्याची लाजही वाटली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मी विहिरीतून एक घागर पाणी काढून दिलं आणि खोलीत निघून आलो.

मतदानाला शाळामास्तरांना जुंपत असत. माझी नेमणूक आमच्याच वॉर्डाच्या केंद्रावर झाली. तेव्हा कागदावर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी पडद्याआड ठेवलेली असे आणि पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र डकवलेलं असे. मी नाव वाचून मतदाराच्या हातात मतपत्रिका द्यायची, त्यानं पडद्याआड जाऊन आपल्या माणसाच्या पेटीत ती टाकायची, एवढंच. पेशकारांच्या विरुद्ध मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, एक आडते उभे होते. त्यांना तराजू मिळाला होता. पेशकारांना मिळाली होती छत्री, आणि ती मिळाली म्हणून ते लहान मुलासारखे खूश झाले होते. "आता सांगायलाच नको," ते म्हणाले होते. "सगळं गाव ओळखतं."

सकाळपासून रांग लागली. दुपारपर्यंत माझी मान आखडली आणि पोटात कावळे ओरडायला लागले. कुंभारवाड्यातली माणसं बरीच आली होती. त्यांतल्या एका थोराड कुंभाराच्या हातात घडी केलेला कागद होता. मी मतपत्रिका पुढं केली तसा तो म्हणाला, "ह्यो कागद छत्रीत टाकायचाय जी. चालंल न्हवं?"

"टाका हो, टाका. पुढं चला लवकर," मी म्हणालो.

मला वाटलं, तो मताबद्दलच बोलतोय. त्याच्यामागं आणखी चारपाच जणांच्या हातांत कागद होते. मला ते दिसले, पण विचारावंसं वाटलं नाही. मला जेवायचं होतं.

मतदान संपल्यावर त्याच संध्याकाळी तहसीलच्या आवारात मोजणी झाली. नायब तहसीलदारांनी छत्रीची पेटी उघडली, उलटी केली आणि ते बघतच राहिले. मतपत्रिका होत्या, पण त्यांच्याबरोबर लहानमोठ्या, रेघांच्या, बिनरेघांच्या कागदांच्या घड्याही टेबलावर पडल्या. त्यांनी एक उघडून मोठ्यानं वाचली. "पेशकारसाबांस सलाम. आमच्या वस्तीच्या आडाचा कठडा पडला आहे, लेकरं वाकून बघतात..." दुसरी उघडली. ती एका विधवेच्या घराच्या नोंदीची होती. असे एकतीस अर्ज निघाले. छत्रीचं चित्र आणि त्याखाली कागद टाकायची फट पाहिल्यावर लोकांनी दुसरं काय करायचं? त्यांनी नेहमीप्रमाणं छत्रीत अर्ज टाकला होता. आणि मी दिलेली मतपत्रिका? ती त्यांना अर्जाची पोच वाटली. ती त्यांनी जपून घरी नेली होती.

पेशकार एकोणीस मतांनी पडले.

आडत्याच्या माणसांनी हलगी वाजवायला सुरुवात केली. नायब तहसीलदार पोट धरधरून हसत होते. हसून झाल्यावर म्हणाले, "ही काही मतं नव्हेत. हे तुमचं टपाल, पेशकारसाहेब. न्यायचं असलं तर घेऊन जा." पेशकारांनी शांतपणे एकतीस कागद मोजून घेतले, मिळाल्याची पावती लिहून दिली, खाली सही करून वेळ घातली आणि कागद छत्रीत भरले. मी त्यांच्या मागोमाग घरापर्यंत गेलो, आणि ओसरीवर पाय ठेवताच माझ्यानं राहवलं नाही.

"साहेब, चूक माझी आहे. त्यांनी मला विचारलं होतं. मी नीट सांगितलं असतं तर तुम्ही निवडून आला असता. तुम्ही वर तक्रार करा. पुन्हा मतदान घ्यावं लागेल."

"आणि तुमची नोकरी?"

"जाऊ दे," मी म्हणालो. पण ते म्हणताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही, आणि ते त्यांच्या ध्यानात आल्याशिवाय राहिलं नसणार.

"सही करून खुर्चीवर बसणारा मिळाला आहे नगरपालिकेला," ते म्हणाले. "मला हे कागद मिळाले. हात धुऊन या, वेगळे करू."

ओसरीवर त्यांनी कागद वस्तीवार मांडले आणि उडू नयेत म्हणून प्रत्येक ढिगावर एकेक खडा ठेवला. कुंभारवाडा. मोमीनपुरा. खंदक. वेस. मग शेवटचा खडा हातात घेऊन ते थांबले. सगळे कागद पुन्हा एकदा उलटून पाहिले, पाठीमागची अक्षरं पाहिली. आमच्या गल्लीतून एकही अर्ज नव्हता. त्यांनी तो खडा जागा सोडून तसाच नुसत्या जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "असू दे तिथं."

पुढचे दोन महिने ते त्या अर्जांच्या पायी हिंडत होते. निवडून आलेले आडते त्या वस्त्यांत फिरकले नाहीत, पण हे रोज एका अर्जाच्या घरी जायचे, आडाच्या कठड्यासाठी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवायचे, परत येऊन त्या माणसाला काय झालं ते सांगायचे. लोक त्यांना हौसेनं चहा पाजायचे. एकेक ढीग संपत आला. ओसरीवरचा तो एकटा खडा झाडू मारतानासुद्धा ते हलवत नसत. मी येता-जाता तो बघायचो आणि मला चोरट्यासारखं व्हायचं.

शेवटी मी एक मूर्खपणा केला. वर्गातली जांभळी शाई दौतीत भरून घरी आणली, डाव्या हातानं अक्षर मोडून एक अर्ज लिहिला. 'आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी फुटली आहे. म्हाताऱ्या माणसांचे पाय अडकतात. तरी लक्ष घालावे.' खाली नाव नाही, नुसतं 'गल्लीतील एक'. फरशी खरोखरच फुटली होती, एवढाच त्यात खरेपणा. ते बाजारात चहाला बसलेले असताना मी तो खुंटीवरच्या छत्रीत टाकला.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्यावर त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. शेरवानीची सगळी बटणं लावली. मला वाटलं होतं, ते खडा त्या कागदावर ठेवतील आणि फरशी बसवून घेतील, झालं. पण त्यांचा शिरस्ता मी विसरलो होतो. अर्ज आला की ते अर्जदाराच्या घरी जायचे. ते तो कागद हातात धरून गल्लीत उतरले.

दिवस उन्हाळ्याचे होते, शाळा सकाळची होती आणि मी नुकताच परत आलो होतो. मी खिडकीला चिकटलो. पहिल्या दारात त्यांचा आवाज आला, "हा अर्ज आपला का?" आतून, "नाही हो." दुसऱ्या दारात, "हा अर्ज आपला का?" "नाही बुवा. आम्ही कशाला?" तिसऱ्या दारात कुणीतरी हसलं. चौथ्या दारात नुसती मान हलली. प्रत्येक नकार मी मोजत होतो. एकदा सबंध गल्लीनं त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं, आणि आता माझ्या शहाणपणामुळं तेच पुन्हा, तेही त्यांच्या हातात खोटा कागद देऊन. धावत जाऊन तो हिसकावून घ्यावा, असं शंभरदा वाटलं. पण मी गेलो नाही. दहा घरं झाली. ते कोपऱ्यावर, काकूंच्या घरापुढं, पुन्हा चार हात दूर उभे राहिले.

काकू जात्याशी होत्या. बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. पेशकारांनी कागद पुढं केला, पण विचारलं नाही. काकूंनी पायऱ्या उतरून तो कागद हातात घेतला. त्यांना अक्षरओळख नव्हती हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. कागद त्यांनी उलटाच धरला होता. बराच वेळ त्या तो बघत राहिल्या, मग एकदा गल्लीतल्या दहा दारांकडं बघितलं. दहाही दारांत माणसं उभी होती.

"होय, माझाच आहे," काकू मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "उन्हात किती वेळ उभं राहायचं म्हणते मी? आत या. बसा."

ते आत गेले. छत्री बाहेर पायरीवर राहिली. मी खिडकीतून हललो नाही. तासाभरानं ते परत आले, ओसरीवर बसले आणि त्यांनी चष्मा काढून शेरवानीच्या टोकानं पुसला. तो पुन्हा डोळ्यावर न ठेवता तसाच हातात धरला.

"चहात साखर फार होती," ते म्हणाले.

"काय बोलणं झालं?" मी विचारलं.

"काही नाही. त्याही काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र एकच विचारलं. 'जेवता कुठं हो तुम्ही?'" त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "घरी, म्हटलं. मग उठून आलो." थोड्या वेळानं म्हणाले, "मास्तर, शाळेची शाई घरी आणत जाऊ नका. सरकारी असते ती."

मी खाली मान घातली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. म्हातारेही रडत होते. आम्ही दोघं ओसरीवर तसेच बसून राहिलो. दुपारी काकूंच्या घरून झाकलेलं ताट आलं.

पुढच्या वर्षी माझी तुळजापूरला बदली झाली. तिथं मी खोलीत एकटाच होतो आणि संध्याकाळी करमत नसे म्हणून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहायचो. पुढची निवडणूक होऊन गेल्यावर एकदा परंड्याच्या शाळेचा शिपाई देवीच्या दर्शनाला आलेला तिथं भेटला. मी पहिल्यांदा तेच विचारलं, आमच्या उमेदवारांना किती मतं पडली?

"उभंच न्हाय ऱ्हायले ह्या खेपंला," शिपाई म्हणाला. "लोकांनी लई गळ घातली. मोमीनपुरा समदा दारात बसला हुता. पर न्हाय म्हन्ले. म्हन्ले, आता गरज न्हाय."